पेन्शनवर आलेला जवान आणि त्यापुढची तीस-पस्तीस वर्षे

हवालदारांची लेक:

आमच्या घरात एक काळी लोखंडी पेटी आहे. झाकणावर पांढऱ्या रंगाने वडिलांचा नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले आहे. हुद्द्याच्या जागेवरून बोट फिरवले तर उंचवटा लागतो, कारण तिथे आधी 'शिपाई' होते, त्यावर काळा रंग मारून 'नायक' आले आणि त्यावर पुन्हा रंग मारून 'हवालदार'. वडील १९८१ साली पायदळात भरती झाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि २००५ साली पेन्शनवर आले तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे. गावाने मिरवणूक काढली, शाळेत सत्कार झाला, आईचीही ओटी भरली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात वडील ओटीवर बसून एका बँकेच्या दाराशी पहारा करण्याच्या नोकरीचा अर्ज लिहीत होते, हे मला स्पष्ट आठवते, कारण इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग ते मला विचारत होते.

हा धागा त्या अर्जाविषयी आहे. आपल्याकडे सैनिकाविषयी खूप बोलले जाते, परंतु ते बहुधा शौर्य आणि मरण या दोनच प्रसंगांभोवती फिरते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाची ओळख करून देतानाही पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले हेच आपण आधी सांगतो, आणि ते सांगायलाच हवे. परंतु बहुसंख्य जवान सुखरूप घरी येतात. दरवर्षी सुमारे ६०,००० जण तिन्ही दलांतून बाहेर पडतात आणि त्यांतले बहुतेक ३५ ते ४५ या वयातले असतात. ज्या वयात सरकारी कचेरीतला माणूस बढतीची वाट पाहत असतो, मुले शाळेत असतात, आईवडिलांची दुखणी सुरू झालेली असतात, त्या वयात जवानाची नोकरी संपते आणि पुढे तीस-पस्तीस वर्षांचे आयुष्य उरते. म्हणजे सेवेत गेली त्याहून अधिक वर्षे सेवेबाहेर काढायची असतात.

लवकर निवृत्ती हा अन्याय आहे असे माझे म्हणणे नाही. पंधरा-सोळा हजार फुटांवर पाठीवर ओझे घेऊन चढायचे तर पलटण तरुणच हवी, आणि वडीलही हेच सांगतात. माझे म्हणणे इतकेच आहे की ज्या देशाने तारुण्य मागून घेतले, त्याने उरलेल्या आयुष्याचा विचार भरतीच्या दिवशीच केलेला असला पाहिजे. वडील दहा माणसांच्या सेक्शनचे प्रमुख होते. त्यांना डोळे बांधून एलएमजी (हलकी मशीनगन) उघडून पुन्हा जोडता येत असे, नकाशा वाचता येत असे, रात्रीच्या गस्तीचा अहवाल चार ओळींत लिहिता येत असे आणि घाबरलेल्या पोराला बोलून ताळ्यावर आणता येत असे. यातल्या एकाही गोष्टीचा नागरी जगात चालेल असा कागद त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी पेन्शनचा जो हिस्सा एकरकमी पैसे घेऊन विकला होता, त्यात घर बांधून झाले आणि आत्याचे लग्न झाले. तो विकलेला हिस्सा पंधरा वर्षांनी, म्हणजे २०२० साली, पूर्ववत झाला. मधली पंधरा वर्षे कमी झालेली पेन्शन आणि बँकेच्या दाराशी उभे राहून मिळालेला पगार यांवर आम्ही दोघे भावंडे शिकलो.

ज्यांच्या घरात कोणी सेवेत आहे किंवा होते, त्यांनी आपले अनुभव लिहावेत अशी विनंती आहे.

खडकीचा सुभेदार:

ताई, तुमच्या वडिलांना माझा रामराम सांगा. मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे सैन्याच्या अभियंता पलटणीतून, सुभेदार म्हणून २८ वर्षांनी बाहेर पडलो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो की जवानाची सेवा वयापेक्षा हुद्द्याने अधिक बांधलेली असते. पेन्शनला पात्र होण्यासाठी किमान १५ वर्षे सेवा लागते. पुढची बढती मिळाली तर मुदत वाढत जाते, हवालदाराला साधारण २४ वर्षे मिळतात, आणि बढती मिळाली नाही तर शिपाई हुद्द्यावरच माणूस ऐन उमेदीत घरी येतो. वरच्या जागा थोड्या असल्याने सगळेच सुभेदार होऊ शकत नाहीत. म्हणून ज्याला कमी पेन्शन मिळते तोच सर्वांत लवकर आणि सर्वांत लहान मुलांसह घरी परततो. ही गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

आता आमच्या चुका. पुनर्वसन महासंचालनालयाकडून निवृत्तीपूर्वी प्रशिक्षणाचे कोर्स मिळतात आणि त्यांत चांगलेही असतात. परंतु मी पाहिले आहे की जवान कोर्स निवडताना विषय न पाहता गाव पाहतो. अठरा-वीस वर्षे घराबाहेर काढलेला माणूस कोर्सच्या निमित्ताने तीन महिने घराजवळ राहायला मिळतील म्हणून जवळची संस्था घेतो, मग तिथे काहीही शिकवोत. मीसुद्धा तेच केले. घरच्या ओढीला मी दोष देत नाही. परंतु कंपनी कमांडरने आणि आम्ही जेसीओंनी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर हुद्द्यांच्या अधिकाऱ्यांनी) सेवेच्या दहाव्या वर्षीच प्रत्येक जवानाला बसवून 'पुढे काय करणार' हे विचारायला हवे होते, आणि ते आम्ही केले नाही. माझ्या प्लाटूनमधल्या पोरांची नेमबाजी, धाव, हत्यारांची सफाई हे सगळे मला तोंडपाठ होते, पण कोणाला पुढे शिकायचे आहे हे मला माहीत नव्हते.

एक नियम अनेकांना ठाऊक नसतो. दहावी उत्तीर्ण जवानाची १५ वर्षे सेवा झाली की केंद्राच्या गट 'क' मधल्या, पदवी मागणाऱ्या परंतु तांत्रिक नसलेल्या जागांसाठी त्याचा विचार होऊ शकतो. केंद्राच्या गट 'क' मध्ये माजी सैनिकांना १० टक्के आरक्षणही आहे. तरी गावात अजून समजूत अशी की फौजी म्हणजे एटीएमचा पहारेकरी. पहाऱ्याच्या कामात कमीपणा काहीच नाही. ते एकच काम उरावे, हे वाईट आहे.

भरतीची तयारी:

मी एकवीस वर्षांचा होत आलो आहे आणि दोन वर्षे तयारी करतो आहे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळतो, बीमही (पुल-अप) दहा होतात. २०२३ पासून आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग धाव असा क्रम झाल्यामुळे अकादमीतली बरीच मुले मैदानावर पोचण्याआधीच गळतात. घरी काका म्हणतात की आता चार वर्षांचीच नोकरी, जाऊ नकोस. मला वर्दी हवी आहे हे खरे आहे, पण चार वर्षांनी परत आल्यावर मी कोण असेन, हे मला कोणी नीट सांगत नाही. सुभेदारसाहेब, आपण मोकळेपणाने सांगावे.

जमाखर्च:

मी सैन्यातला नाही, हिशोबाच्या क्षेत्रातला आहे, आणि इथे एक अप्रिय बाजू मांडणे मला गरजेचे वाटते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होते. त्यांतले सुमारे १.६१ लाख कोटी, म्हणजे जवळजवळ २४ टक्के, निवृत्तिवेतनाचे होते. संरक्षण खात्यातल्या नागरी कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतनही यात येते हे खरे, तरीही आकडा प्रचंड आहे. विकसनशील देशाची थैली मर्यादित असते. ती उघडायची तर एका हाताला तोफा, विमाने, पाणबुड्या आहेत, दुसऱ्या हाताला शाळा आणि दवाखाने. 'समान हुद्दा, समान पेन्शन' ही मागणी न्याय्य होती. २०१५ च्या नोव्हेंबरात तो आदेश निघाला, १ जुलै २०१४ पासून लागू झाला आणि दर पाच वर्षांनी फेरआढावा ठरला. त्याचे मी स्वागतच करतो. परंतु ज्या रचनेत माणूस चाळिशीत निवृत्त होतो आणि पुढची पस्तीस वर्षे राज्य त्याला वेतन देते, ती रचना किती पिढ्या चालेल? चार वर्षांच्या भरतीच्या अग्निपथ योजनेवर टीका करणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. हे मी सैनिकांविषयीच्या आदरानेच विचारतो आहे.

हवालदारांची लेक:

जमाखर्च, आपण हे सभ्यपणे विचारलेत याबद्दल आभार. या प्रश्नाला एक उत्तर फार वर्षांपूर्वी देऊन झाले आहे आणि ते अग्निपथपेक्षा वेगळे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारगिल युद्धानंतर जी आढावा समिती नेमली गेली, तिने सुचवले होते की सैन्यातली सेवा सतरा वर्षांवरून सात ते दहा वर्षांवर आणावी आणि नंतर त्या जवानांना निमलष्करी दलांत घ्यावे. सहाव्या वेतन आयोगानेही अशीच बदलीची वाट सुचवली. २०१९ पासून केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत सर्व हुद्द्यांसाठी निवृत्तीचे वय ६० आहे. आता हिशोब करून पाहा. पस्तिशीतला प्रशिक्षित, शिस्तीचा, शस्त्र हाताळण्यात मुरलेला माणूस सीमा सुरक्षा दलात किंवा औद्योगिक सुरक्षा दलात गेला, तर तो आणखी पंचवीस वर्षे पगारावर काम करील. सैन्याला तरुण पलटण मिळेल, त्या दलांचा नव्या प्रशिक्षणावरचा खर्च वाचेल, आणि ज्या काळात राज्य त्याला घरी बसवून पेन्शन देते, त्या काळात तो काम करून पगार घेईल. ही शिफारस अमलात आली नाही. त्या दलांच्या स्वतःच्या बढत्यांचे, ज्येष्ठतेचे आणि भरतीचे प्रश्न आहेत हे मी समजू शकते. परंतु ते सोडवण्याचे कष्ट एकदा घेतले असते, तर आज आपण पेन्शनकडे ओझे म्हणून पाहत नसतो.

दुसरे असे की १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या नोकरीत आलेल्यांना नवी पेन्शन पद्धत लागू झाली, पण सैन्यदलांना तीतून वगळले गेले. कारण उघड आहे. जो माणूस अडतिसाव्या वर्षी बाहेर पडतो, त्याची वर्गणी साठून साठून किती साठणार? जवानाची पेन्शन हे उपकार नव्हेत आणि बक्षीसही नव्हे. लवकर बाहेर काढण्याच्या अटीची ती भरपाई आहे. अट कायम ठेवून भरपाई कमी करायची असेल, तर तिच्या जागी काय देणार ते आधी ठरले पाहिजे, कारण ज्या मुलाने वर प्रश्न विचारला आहे, तो त्या ठरण्याची वाट पाहत मैदानावर पळतो आहे.

खडकीचा सुभेदार:

बाळा, तुला मोकळेपणानेच सांगतो. अग्निवीर, म्हणजे अग्निपथ योजनेतला जवान, म्हणून पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये मिळतात. त्यातले ३० टक्के कापून निधीत जातात, तेवढीच भर सरकार घालते, आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये सेवानिधी म्हणून हातात येतात. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा असतो आणि त्याची वर्गणी तुला भरावी लागत नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि चार वर्षे करून बाहेर आलेल्याला माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही. त्यामुळे मी वर सांगितलेले माजी सैनिकांचे आरक्षण तुला तसेच्या तसे लागू होणार नाही. निमलष्करी दलांत १० टक्के जागा अग्निवीरांसाठी राखण्याची घोषणा २०२२ सालीच झाली, ती वेगळी. दर तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम केले जाईल.

जायचे असेल तर जा, पण पहिल्या दिवसापासून दोन गोष्टींची तयारी ठेवून जा. कायम झालास तर उत्तम सैनिक हो. नाही झालास तर चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी हातात पैसा असलेला, अंगात शिस्त असलेला आणि शिक्षण अर्धवट राहिलेला मुलगा म्हणून परत येशील, आणि या तिघांतले तिसरे तुला सेवेत असतानाच दुरुस्त करता येते. दहावीवर गेलेल्यांना मुक्त विद्यालयातून बारावी करण्याची सोय आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी अशी पदवी आखली आहे की तिचे निम्मे श्रेयांक सैन्यातल्या प्रशिक्षणातूनच मिळतात. बराकीत संध्याकाळी मोबाइल बघण्यात जो तास जातो, तो तू यासाठी ठेव. सेवानिधीचे पैसे आले की गावात तुला मोटारगाडी घ्यायला सांगणारे शंभर भेटतील. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली, म्हणजे ती मुले २०२६ संपता संपता आणि २०२७ च्या सुरुवातीला परत येऊ लागतील. त्यांच्याकडे पाहून गावांना खरे काय ते कळेल.

काका जे म्हणतात ते काळजीपोटी म्हणतात, त्यांच्यावर रागावू नकोस.

सीमेवरचे पत्र:

मी इथे बहुतेक वाचत असते, लिहीत नाही. पण हवालदारांच्या लेकीने काळ्या पेटीचे लिहिले आणि मला राहवले नाही.

माझे पती नायक होते. आमचे लग्न मे महिन्यात झाले आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यांची गाडी डोंगरातल्या रस्त्यावरून दरीत गेली. मी तेवीस वर्षांची होते. लोकांना वाटते की सैन्यातला माणूस गेला म्हणजे सगळे आपोआप होते. आपोआप काही होत नाही. लग्नानंतर ती नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या नोंदींच्या लेखी हुकमात, प्रसिद्ध व्हावी लागते, तेव्हाच सैन्याच्या दप्तरात बायको बायको ठरते. त्यांनी 'पुढच्या सुट्टीत कागद नेतो' म्हटले होते, आणि पुढची सुट्टी आलीच नाही. दप्तरात वारस म्हणून सासूबाईंचे नाव होते. माझ्याकडे लग्नपत्रिका आणि फोटो होते, पण विवाहनोंदणीचा दाखला नव्हता. तो काढला, ग्रामपंचायतीचा दाखला काढला, प्रतिज्ञापत्र केले, आणि एका कार्यालयात ती फाइल अकरा महिने पडून राहिली. दर वेळी नवा कागद सांगत. अकरा महिन्यांत एकाही माणसाने सगळे कागद एकदाच सांगितले नाहीत. पलटणीचे सुभेदार मेजरसाहेब सुट्टीवर असताना स्वतःच्या खर्चाने आले, माझ्याबरोबर दोन दिवस त्या कार्यालयात बसले, तेव्हा फाइल हलली. सासूबाई अडाणी होत्या, पण त्यांनी एकदाही 'पेन्शन माझ्या नावावर असू दे' म्हटले नाही. शेजारचे सांगत असूनही म्हटले नाही. हे मला इथे लिहून ठेवायचे आहे.

दुसरी गोष्ट वर्गवारीची. मृत्यू सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने झाला तर साधी कुटुंब पेन्शन, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांचा वाढीव दर सोडला तर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. सेवेमुळे झाला तर विशेष, म्हणजे ६० टक्के. युद्धात किंवा तशाच मोहिमेत झाला तर उदारीकृत, म्हणजे पूर्ण १०० टक्के. एकच माणूस, एकच डोंगर, आणि गाडी कोणत्या हुकमाने निघाली होती त्यावर घराचे पुढचे आयुष्य ठरते. मला विशेष मंजूर झाली. मी पुढे लढले नाही, कारण तेव्हा माझ्यात बळ नव्हते. आज कोणावर अशी वेळ आली आणि निर्णय चुकीचा वाटला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईत आहे, तिथे दाद मागता येते. मला हे दहा वर्षांनी कळले.

माझे मामेसासरे १९७१ च्या लढाईत गेले. तेव्हा घरी तार आली आणि काही महिन्यांनी कपड्यांचे गाठोडे आले. सासूबाई भावाला शेवटचे पाहू शकल्या नाहीत. पार्थिव गावी पाठवण्याची रीत कारगिलपासून रुजली. यांना आणले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "निदान तुला तोंड तरी दिसलं."

हवालदारांची लेक:

ताई, आपण लिहिलेत. मला यावर काय लिहावे ते सुचत नाही. पार्ट टू ऑर्डरचे इतके स्पष्ट कोणी लिहिलेले मी वाचले नव्हते.

पुनर्वसनाची खोली:

मी पुण्यात सैनिकांच्या पुनर्वसनाशी संबंधित काम काही वर्षे केले आहे. कोणत्या संस्थेत हे लिहीत नाही, कारण मी पाहिलेल्या माणसांची ओळख कळता कामा नये. धाग्यात जखमी होऊन बाहेर पडणाऱ्यांचा विषय आला नाही, म्हणून लिहितो.

पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, अपंग सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवणारी, आज खडकीत असलेली संस्था १९१७ पासून आणि मज्जारज्जूच्या दुखापतीने कमरेखाली अधू झालेल्यांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. म्हणजे ही सोय आपल्याकडे नव्याने सुरू झालेली नाही. मला जे शिकायला मिळाले ते एका खोलीत. पंचवीस वर्षांचा एक जवान चाकाच्या खुर्चीवरून पलंगावर जायला शिकत होता. आधी हाताने एक पाय उचलून ठेवायचा, मग दुसरा, मग दोन्ही तळहात पलंगावर दाबून अंग उचलायचे. पहिल्या दिवशी त्याला चाळीस मिनिटे लागली आणि तो कोणाला हात लावू देत नव्हता. सहा आठवड्यांनी तेच तो अर्ध्या मिनिटात करी. त्यानंतर त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "गावच्या घराला तीन पायऱ्या आहेत, त्यांचं काय करायचं?" सैन्याने त्याला खुर्ची दिली होती, पेन्शन दिली होती, प्रशिक्षण दिले होते. तीन पायऱ्या मात्र गावाच्या होत्या.

मुरलीकांत पेटकर सगळ्यांना ठाऊक आहेत. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताचे पहिले सुवर्ण घेऊन आला. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधल्या शेहेचाळीस वर्षांत ते नोकरी करून संसार चालवत होते. त्यांच्यासारखी जिद्द प्रत्येकात असेल असे गृहीत धरून धोरणे आखता येत नाहीत. मी पाहिलेली बहुतेक मुले साधी होती, त्यांना पदक नको होते, त्यांना आपल्या घरात आपल्या हाताने शिरता यावे एवढेच हवे होते.

जमाखर्च:

सीमेवरचे पत्र आणि पुनर्वसनाची खोली या दोन्ही प्रतिसादांनी माझे आकडे चुकीचे ठरत नाहीत, पण मी ते कुठून मांडले ते मला दिसले. निमलष्करी दलांत बदलीचा मुद्दा मी पूर्वी गांभीर्याने घेतला नव्हता. खर्चाच्या बाजूनेसुद्धा तो अग्निपथपेक्षा टिकाऊ वाटतो, कारण त्यात प्रशिक्षणावर केलेला खर्च चार वर्षांत हातचा जात नाही. माझा मूळ प्रश्न मागे घेत नाही, परंतु तो पेन्शनधारकाला विचारण्याचा प्रश्न नव्हता, हे मान्य करतो.

पलटणीची सून:

माझे पती सध्या सेवेत आहेत, फिल्डवर आहेत. वर्षाला ६० दिवसांची वार्षिक सुट्टी आणि ३० दिवसांची किरकोळ सुट्टी असते, त्यातली प्रत्यक्षात कधी किती मिळेल ते पलटण ठरवते. सीमेवरचे पत्र वाचून मी रात्री त्यांना फोन केला आणि आपल्या लग्नाची नोंद झाली आहे का, असे विचारले. ते म्हणाले, झाली असणार. 'असणार' हा शब्द मला पुरेना. मी काय काय पाहून ठेवावे, कोणी सांगाल का?

सीमेवरचे पत्र:

बाळ, लग्नाची आणि प्रत्येक मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर निघाली आहे का ते त्यांना पलटणीच्या कार्यालयातून पाहायला सांग आणि त्या ऑर्डरचा नंबर व तारीख तुझ्या वहीत लिहून घे. विवाहनोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर या सुट्टीत सर्वांत आधी तेच काम करा, देवदर्शन नंतर. तुझे नाव त्यांच्या दप्तरात, तुझ्या आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर अक्षर न् अक्षर सारखे हवे. माहेरचे नाव एकीकडे आणि सासरचे दुसरीकडे असे असेल तर आत्ताच सारखे करून घे, कारण ते सेवेत आहेत तोवर पलटणीचा बाबू ते करून देतो आणि नंतर प्रत्येक अक्षरासाठी तुला अर्ज करावा लागतो. विम्याचे आणि भविष्यनिधीचे वारस वेगवेगळे लिहिलेले असतात, तेही पाहा. हे विचारणे अशुभ आहे असे घरातले कोणी म्हणाले, तर माझे नाव सांग.

खडकीचा सुभेदार:

ताईंनी लिहिले त्यात एकच भर. पेन्शनवर आल्यानंतर सगळे 'स्पर्श' या प्रणालीवर गेले आहे आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला तर पेन्शन थांबते. म्हाताऱ्या जवानांना, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांना, मोबाइलवरचे हे काम जमत नाही. आमच्या गावात आम्ही चार माजी सैनिकांनी ठरवले आहे की नोव्हेंबरच्या प्रत्येक रविवारी शाळेच्या व्हरांड्यात बसायचे आणि ज्याचा दाखला राहिला असेल त्याचा भरून द्यायचा. मागच्या वर्षी एक आजी आल्या होत्या, पतींच्या माघारी त्यांना पेन्शन मिळते, आणि अंगठ्याचे ठसे झिजल्यामुळे यंत्र घेत नव्हते. शेवटी डोळ्यांच्या यंत्रावर काम झाले. त्या परत जाताना थांबून म्हणाल्या की हे पलटणीत असताना असेच सगळ्यांची पत्रे लिहून देत.

आणि एक कबुली. हा धागा वाचून मी काल माझा स्वतःचा पीपीओ (पेन्शनचा मंजुरी आदेश) काढून पाहिला. मंडळींचे जन्मवर्ष त्यात १९६८ आहे आणि आधारवर १९६६. अठ्ठावीस वर्षे मी दुसऱ्यांचे कागद तपासले. सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातो आहे, दुरुस्तीचा पीपीओ निघायला किती दिवस लागतात ते इथे येऊन लिहीन.

हवालदारांची लेक:

सुभेदारसाहेब, आम्हीही काल पेटी उघडली. आईची जन्मतारीख बरोबर आहे, नाव बरोबर आहे. पीपीओ डिस्चार्ज बुकाच्या आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तळाशी होता. वडील पेन्शनवर आले त्याला वीस वर्षे झाली आणि तो कागद कुठे असतो हे आईने काल पहिल्यांदा पाहिले. तिने तो पेटीतून काढून तिच्या कपाटात ठेवला आहे. वडिलांनी हरकत घेतली नाही.